फियाटच्या पार्टांसोबत

चि. बायस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र मुद्दाम फॅनबेल्टच्या खाली ठेवलंय. म्हणजे आधी पार्ट बघशील आणि मग हे. फोन केला असता, पण फोनवर आपलं काय होतं ते तुलाही माहीत आहे. गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या त्या रात्रीच्या रॅलीवरून, झोपेवरून आपलं वाजलं आणि तू पानावरून उठून पुण्याला निघून गेलीस, तेव्हापासून घरात वाईट मी एकटाच. तुझी आई "वाढलंय" एवढंच बोलते, तेही भिंतीकडे बघून. माईआत्याने तर फोन करून झाडलं. पोरगी एवढ्या हौसेने गाडी उभी करत्येय, तर तुझ्या पोटात का दुखतंय म्हणे. तिला काय सांगणार! ती एस.टी.त बसली की हातखंब्याच्या आत घोरायला लागते.

तर झोपेबद्दल मी या पत्रात काही लिहिणार नाही. तो विषय त्या दिवशी झाला.

आधी पार्टांचं. खोक्यात पॉइंटचे दोन सेट, दोन कंडेन्सर, रोटर आणि डेल्कोचं, म्हणजे ठिणगी वाटणाऱ्या डब्याचं, झाकण आहे. कंडेन्सरपैकी ज्याला लाल दोरा बांधलाय तो मामांच्या गाडीतलाच जुना आहे, तो फेकू नकोस. हल्लीचा नवा कोरा कंडेन्सर गाडी तापली की कधी दगा देईल सांगता येत नाही, आणि जुना चालतोय तोवर चालतोय. लांज्याच्या मेस्त्रीने फ्यूएल पंपाचा पडदाही दिलाय, पैसे घेतले नाहीत. म्हणाला, पोरीला सांगा, गाडी तापून बंद पडली तर पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि दहा मिनिटं गप बसायचं, उगाच सेल्फ मारत बसायचं नाही. त्या दहा मिनिटांत डोळा मिटून घेतलास तरी चालेल, असं मी म्हणणार होतो, पण ठरलंय ना.

मेस्त्री तुझं कौतुक करत होता. मामांच्या पडवीत ती गाडी इतकी वर्षं खाऱ्या वाऱ्यात उभी. वरून रंग धड दिसत होता, पण तू दरवाजाखालच्या पत्र्यावर हातोडी टकटकवत पुढे गेलीस आणि जिथे आवाज पोकळ आला तिथे खडूने फुली मारलीस, हे त्याने गावात सगळ्यांना सांगितलंय. पायाखालचा पत्रा तर काढला तेव्हा पापुद्र्यांनीच हातात आला. मी तेव्हा म्हणालो होतो, भंगारात द्या. तू काही बोलली नाहीस, नुसती हसलीस. आता ती पद्मिनी, म्हणजे आपली फियाटच, बघितली की बरं वाटतं, हे मी तुझ्या आईजवळ कबूल केलंय, तुला ती सांगेलच.

बाय, मला तुझ्या या खेळातलं कळत नाही असं तू म्हणालीस. ते मला लागलं. ओटीवर वही घेऊन मला तूच समजावलं होतंस ना, की ही वेगाची शर्यत नाही, वेळेची आहे. ताशी 36 चा सरासरी वेग दिला, की एक किलोमीटरला बरोबर 100 सेकंद. 7.4 किलोमीटरवर 740 सेकंद, म्हणजे 12 मिनिटं 20 सेकंदांनी तू तिथे पाहिजेस. वेळ बघणारा माणूस कुठल्या वळणामागे बसलाय ते आधी ठाऊक नाही. उशीर झाला तर सेकंदामागे दंड, आणि लवकर पोचलं तरी दंड. तू हे सांगत होतीस तेव्हा मी मनात म्हणत होतो, अगो, हे तर मी नोकरीभर केलं! गाडी उशिरा आली तर पॅसेंजर शिव्या देतो, पण वेळेआधी थांब्यावरून काढली तर दाभोळ्याची म्हातारी अंड्यांची टोपली घेऊन रस्त्यातच राहते. लवकर पोचणं हा गुन्हा आहे, हे ड्रायव्हरच्या जातीला शिकवावं लागत नाही.

टायर झिजला की चाकाचा घेर कमी होतो, काटा जास्त किलोमीटर दाखवतो, म्हणून सुरुवातीला मोजलेल्या अंतरावर गाडी चालवून मीटरचा फरक काढून घ्यायचा, हेही मला तू सांगायच्या आधी समजलं होतं. टायरमधली हवा सकाळी थंड असताना बघ. दुपारी तापल्यावर बघून कमी केलीस तर रात्री घाटात हिशेब चुकेल.

आणि नॅव्हिगेटर, म्हणजे ड्रायव्हरशेजारी बसून वाट आणि वेळ सांगणारा, काय असतो ते तर मला चांगलंच कळतं. माझा कंडक्टर म्हणजे माझा नॅव्हिगेटर. रत्नागिरी-कोल्हापूर रात्रीची गाडी असली की आमचे शेट्येमामा तिकिटं संपली की पुढे येऊन इंजिनाच्या झाकणावर बसायचे. बोलायला विषय नसेल तर भजन म्हणायचे, आवाज भयंकर. साखरप्याला गाडी उभी करून मला तोंड धुवायला लावायचे, मला गरज नसली तरी. मामा बोलायचे थांबले, त्यांची मान छातीवर गेली, की पाच मिनिटांत माझ्याही पापण्या जड व्हायच्या. मग मी मुद्दाम हॉर्न मारून त्यांना उठवायचो. शेजारचा झोपला की चालवणाराही झोपतो. हे कुठल्या पुस्तकात असेल नसेल, मी सांगतो ते खरं. तू शेजारी बसणार. स्टिअरिंग तुझ्या त्या कोल्हापूरच्या दोस्ताच्या हातात असलं, तरी जागं कोण राहणार हा प्रश्न त्याचा नाही, तुझा आहे.

झालं. आलाच विषय. जाऊ दे.

तू त्या दिवशी मला पॅट मॉस आणि अ‍ॅन विज्डम ऐकवल्यास. 1960 साली दोघी बायका लीएज-रोम-लीएज रॅलीला ऑस्टिन-हीली गाडी घेऊन गेल्या, चार दिवस-रात्री जवळजवळ न थांबता डोंगरातून हाकली आणि सगळ्या पुरुषांना मागे टाकून पहिल्या आल्या. मान्य. तुझ्या खोलीत भिंतीवर मिशेल मूतों आणि फाब्रिझिया पॉन्सचा फोटो आहे, 1981 ला इटलीतली सानरेमो रॅली जिंकलेल्या. तोही मी बघतो येता-जाता, आणि त्यात मला मूतोंपेक्षा शेजारची पॉन्सच जास्त आवडते, कारण ती तुझ्या जागेवर बसलेली आहे. माणसं सारखी ड्रायव्हरचं नाव घेतात. शेखर मेहताने आफ्रिकेतली सफारी रॅली पाच वेळा जिंकली म्हणतात, 1973 ला एकदा आणि मग 1979 पासून ओळीने चार. पण त्या चार वेळा शेजारी माइक डाउटी होता, ते कोण सांगतं? मी सांगतो. नाक्यावर परवा सांगितलं. पोरगी काय करते विचारलं की हल्ली मी पुण्याच्या कंपनीचं नाव सांगतच नाही, नॅव्हिगेटर आहे म्हणतो. अर्ध्या लोकांना वाटतं तू बोटीवर लागलीस.

बोटीवरून अण्णा आठवले. तुला ही गाडीची खाज माझ्याकडून नाही, त्यांच्याकडून आली. 1968 च्या डिसेंबरात अण्णा गोदीत होते. लंडनहून सिडनीला शर्यतीत निघालेल्या गाड्या मुंबईत आल्या. पॅरिस, इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली करत. निघाल्या 98, मुंबईला पोचल्या 72. तिथून चुसान नावाच्या बोटीवर चढवून ऑस्ट्रेलियाला नेल्या. अण्णा शिमग्याला गावी आले की ते वर्णन ऐकायला अख्खी वाडी आमच्या खळ्यात. गाड्यांवर अफगाणिस्तानातली धूळ, काचा फुटलेल्या, दिव्यांना जाळ्या, आणि आतली माणसं उतरली ती भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपलेली. हे "उभ्या उभ्या झोपलेली" अण्णा दरवेळी करून दाखवायचे आणि आम्ही पोरं खिदळायचो. मला ते आता हसण्यासारखं वाटत नाही.

मुंबईत पोचताना पुढे होता रॉजर क्लार्क, लोटस कॉर्टिनावाला. गाडीत दोघं. ऑस्ट्रेलियात त्याची गाडी कुरकुरली आणि पुढे झाला लुसियाँ बियांकी, सित्रोएनमध्ये, शेजारी ओजिए. तीही दोघंच. सिडनी अगदी हाताशी आलेलं, जिंकल्यातच जमा, आणि साध्या चालू रस्त्यावर समोरून आलेल्या मिनी गाडीवर यांची गाडी आदळली. स्टिअरिंगवर ओजिए होता. बियांकी आत अडकला. मागून हॉपकर्क आला, ज्याने मॉन्टे कार्लो रॅली जिंकलेली. त्याला पहिला नंबर मिळवायची संधी होती. तो मदतीला थांबला आणि दुसरा आला. जिंकला कोण, तर अँड्र्यू कावन. गाडी हिलमन हंटर, म्हणजे तुमच्या भाषेत अगदीच घरगुती, कोणी ढुंकून बघितलं नसतं. पण त्या गाडीत माणसं तीन होती. कावन, मॅल्किन आणि कॉइल. एक चालवणार, एक वाट सांगणार, एक झोपणार. मी हे तुला त्या दिवशी पानावर सांगायला गेलो, पण "तिघं" म्हणेपर्यंत तू आमटी तशीच टाकून उठलीस.

बियांकी त्यातून वाचला. पुढच्याच मार्चात फ्रान्समध्ये ल माँच्या शर्यतीच्या सरावात अपघात होऊन गेला. हे लिहायला नको होतं बहुतेक. खोडत नाही, खोडलं तर आणखी वाचशील.

भाषण झालं, कंटाळू नकोस. तुझी आई म्हणते, मी रिटायर झालो पण हॉर्न चालूच आहे. तुमच्या रस्त्याचा कागद बघितला आणि तिथेच माझं बिघडलं, हे खरं. मलकापूरवरून आंबा, आणि आंब्यावरून खाली साखरपा, तेही पहाटे. बाय, तो घाट मला हातावरच्या रेघांएवढा माहीत आहे. चढताना माणूस झोपत नाही, इंजिन ओरडत असतं. उतरताना झोपतो. आंबा गाव सुटलं की धुकं असणार, दिवाळीनंतर हमखास. धुक्यात हेडलाइट अप्पर मारू नका, पांढरी भिंत दिसेल. सरळ दुसरा गियर टाकून उतरा. पद्मिनीला चारही चाकांना ड्रमचे ब्रेक, सारखा पाय ठेवलात की तापतात आणि मग पॅडल खाली जातं पण गाडी थांबत नाही. गियरवर धरा, ब्रेक थोडा मारा आणि सोडा. सेकंद गेले तर जाऊ देत, खाली साखरप्याच्या सपाटीला भरून काढता येतील. तिथे रस्ता मोकळा असतो, पण सहाच्या सुमाराला दूधवाले बिनदिव्याचे निघतात.

बाकी तुमचा रस्ता बंद केलेला नसतो, हेच मला सलतं. पॅट मॉसच्या वेळी रस्त्यावर गाड्या किती होत्या? आता हायवेला बघ. आणि आमच्या वेळी निदान समोरचा ड्रायव्हर आपल्याइतकाच थकलेला आहे हे दिव्यांवरून कळायचं. डिपर उशिरा मारला की समजायचं, पेंगतोय, आणि आपण आधीच कडेला घ्यायचं. ही गोष्ट तेवढी वहीत लिहून ठेव. समोरचा डिपर उशिरा देत असेल तर सेकंद विसरायचे.

आदल्या रात्री आठ तास झोप. त्याच्या आदल्या रात्रीसुद्धा, कारण एका रात्रीची शिल्लक पुरत नाही. दुपारी भात कमी. थर्मासमध्ये चहा नको, चहाने अर्धा तास निघतो आणि मग दुप्पट येते. आवळासुपारी पाठवलीय, ती तोंडात ठेव. आणि त्या पोराशी बोलत राहा. काय बोलायचं ते मी विचारत नाही. तुझ्या आईला त्याबद्दल जे विचारायचंय ते ती विचारेल.

कोकमं, कुळथाचं पीठ आणि आईने केलेले तांदळाचे लाडू वेगळ्या पिशवीत आहेत. लाडू ग्रीसच्या हाताने खाऊ नकोस. नंबर आला नाही तरी फोन कर. आला तर आधी आईला कर, म्हणजे मला चहा मिळेल.

तुझा,
बाबा

ता. क. तुमच्या नियमाच्या पुस्तकात गाडीत माणसं दोनच पाहिजेत, की तिसरा चालतो? मागच्या सीटवर. विचारून कळव. पद्मिनीत मागे ऐसपैस जागा असते, आणि माझं लायसन्स मी नुकतंच नवं करून घेतलंय. डोळे तपासले, डॉक्टर म्हणाले ठीक आहेत. नियमात बसत नसेल तर मी साखरप्याच्या स्टँडवर पहाटे येऊन उभा राहीन, सामानाची गाडी तिथून जाणारच आहे ना. शेट्येमामांनाही विचारलंय. ते तयार आहेत, भजनासकट.