भंगारात देण्याआधी ती विमानं बाजूला काढा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

घरोघरचं इलेक्ट्रॉनिक भंगार गोळा करण्याच्या मोहिमेचं आवाहन आपल्या अंकात वाचलं. मोहीम गरजेची आहे आणि माझा तिला पाठिंबा आहे. जुने मोबाइल, चार्जर, बंद पडलेले टीव्ही जरूर द्यावेत. पण कुणाच्या माळ्यावर ऐंशी-नव्वदच्या दशकातला कॉम्प्युटर असेल, फ्लॉप्यांचा, म्हणजे तेव्हा प्रोग्रॅम साठवायच्या चकत्यांचा, डबा असेल आणि त्यातल्या एखाद्या फ्लॉपीवर ‘फ्लाइट सिम्युलेटर’ (कॉम्प्युटरवर विमान चालवायचा खेळ) असं लिहिलेलं असेल, तर तो डबा गाडीत टाकण्याआधी थांबावं, एवढ्यासाठी हे पत्र. मी सांगलीत अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. त्या फ्लॉपीने मला काय दिलं आणि आजच्या मुलांना ती काय देऊ शकते, हे सविस्तर लिहायला हवं, नाहीतर हा नुसता जुन्या आठवणींचा उमाळा वाटेल.

माझ्या मामांचं गणपती पेठेत हळदीचं अडत दुकान होतं. हिशेबासाठी त्यांनी कॉम्प्युटर घेतला तेव्हा पेठेत तशा यंत्राचं अप्रूप होतं. तो असली आयबीएमचा नव्हता, जुळवून केलेला होता, आणि दिवाणजींना त्याचा भरवसा नव्हता. विकणाऱ्या माणसाने मग गादीवर बसून दोन फ्लॉप्या चालवून दाखवल्या. आधी लोटस 1-2-3 हा हिशेबाचा प्रोग्रॅम, मग फ्लाइट सिम्युलेटर. आम्हा मुलांना वाटलं, दुसरी आपल्या करमणुकीसाठी लावली. प्रत्यक्षात ती त्या काळातली पक्की परीक्षा होती. हे दोन्ही प्रोग्रॅम वेगासाठी मधली व्यवस्था टाळून थेट यंत्राच्या हार्डवेअरशी बोलायचे, त्यामुळे नकलेत जरा फरक असला की इथेच अडकायचे. दोन्ही चालले म्हणजे कॉम्प्युटर पुरता आयबीएमसारखा. आमचा उत्तीर्ण झाला आणि ती फ्लॉपी यंत्रासोबत दुकानातच राहिली.

रोजकीर्दीचा मेळ लागल्याशिवाय विमानाला परवानगी नसे. मेळ लागला की दिवाणजी खुर्ची सोडायचे आणि मी व माझा मामेभाऊ एकाच खुर्चीवर दोन बाजूंनी टेकायचो. पडदा पिवळसर-नारिंगी, एकरंगी. कीबोर्डवर हळदीच्या भुकटीचा पातळ थर, कितीही पुसला तरी कडांना राहिलेला. उजवीकडचे आकड्यांचे खटके दिवसभर क्विंटल आणि रुपये मोजून गुळगुळीत झालेले, आणि विमान चालायचं ते त्याच खटक्यांवर. 8 दाबला की नाक खाली, 2 दाबला की वर, 4 आणि 6 ने डावी-उजवी कलाटणी, 5 ने सगळं मध्यावर. नाक वर न्यायला खालचा खटका कशाला, हे मामांना कधीच पटलं नाही. खऱ्या विमानात दांडा आपल्याकडे ओढला की नाक वर जातं, हे मी त्यांना पुस्तकातली आकृती काढून दाखवायची.

ते पुस्तक हा सगळ्यातला खरा ठेवा होता. त्यात अमेरिकेच्या चार भागांचे नकाशे होते: शिकागो, न्यूयॉर्क-बोस्टन, लॉस एंजेलिस आणि सिएटल. प्रत्येक रेडिओ केंद्राची फ्रिक्वेन्सी छापलेली. खेळ सुरू झाला की आपलं सेसना 182 शिकागोच्या मेग्ज फील्डच्या धावपट्टीवर, उत्तरेकडे तोंड करून उभं. उजव्या हाताला मिशिगन सरोवर, डावीकडे शहर, म्हणजे चार-दोन उभे ठोकळे. त्यातला सर्वांत उंच तो सिअर्स टॉवर. मेग्जची धावपट्टी 3,900 फूट, जवळपास 1,190 मीटर. कोयना धरणाच्या कामासाठी कराडला धावपट्टी बांधली गेली, तिची लांबीही साधारण याच घरातली. मामेभाऊ कराडला जाताना एसटीच्या खिडकीतून ती दिसते का बघायचा आणि म्हणायचा, “ताई, इथे आपलं सेसना आरामात उतरेल.” त्याचं खरंच होतं.

त्या नकाशात सांगली नव्हती, मुंबईही नव्हती. पण चॅम्पेन नावाचं एक लहानसं गाव होतं, आणि न्यूयॉर्कसारख्या महानगरांच्या पंगतीला ते कसं बसलं हे कोडं मला पुष्कळ वर्षांनी उलगडलं. हा प्रोग्रॅम लिहिणारे ब्रूस आर्टविक इलिनॉय विद्यापीठात शिकले आणि ते विद्यापीठ त्याच परिसरात आहे. विमानाच्या काचेतून दिसणारं दृश्य कॉम्प्युटरने जागच्या जागी कसं काढावं, यावर 1975 साली त्यांनी पदव्युत्तर प्रबंध लिहिला. त्यातूनच त्यांच्या सबलॉजिक कंपनीचा ॲपल टू यंत्रावरचा पहिला सिम्युलेटर 1980 च्या सुरुवातीला निघाला, अवघ्या 16 किलोबाइट मेमरीत मावणारा. 1982 च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने तो आयबीएम पीसीसाठी आणला. विंडोज तेव्हा बाजारात यायचं होतं. आम्ही खेळलो ती तिसरी आवृत्ती, 1988 ची.

मेग्ज ते चॅम्पेन हा आमचा रोजचा मार्ग. रेडिओवर 110.0 लावायचा, व्हीओआरची, म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ केंद्राकडे जाणारा मार्ग दाखवणारी, सुई मध्यावर आणायची आणि दक्षिणेकडे निघायचं. खाली पाहण्यासारखं काही नाही, एखादी रेघ म्हणजे महामार्ग. सेकंदाला मोजकीच चित्रं उमटायची. म्हणून डोळे आपोआप तबकड्यांवर जायचे: वेग, उंची, कृत्रिम क्षितिज, दिशा, चढ-उताराचा दर. सुई डावीकडे सरकली म्हणजे मार्ग डावीकडे राहिला, आपण उजवीकडे भरकटलो. हे मी पंधरा-सोळाव्या वर्षी हळदीच्या वासात शिकले, आणि पुढे भौतिकशास्त्र घ्यायचं ठरवलं त्यात या सुईचा वाटा मोठा आहे.

आता वर्गातलं सांगते. अकरावीला सदिश राशींची बेरीज येते. पुस्तकात नदी आणि नाव असते. मुलं गणित सोडवतात, पण नावेचं तोंड प्रवाहाच्या उलट किती वळवायचं हे हातात येत नाही. मी प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरवर डॉसबॉक्स हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम टाकून त्यात जुना सिम्युलेटर चालवते. वाऱ्याचा वेग 10 नॉट, पश्चिमेकडून. उतरण्याचा वेग 70 नॉट, धावपट्टी उत्तरेकडे. पहिला मुलगा नाक सरळ धावपट्टीकडे धरतो आणि विमान हळूहळू सरोवराकडे सरकतं. मग फळ्यावर यायचं: ज्याची साइन दहा भागिले सत्तर तो कोन किती? सुमारे 8 अंश. दुसरी मुलगी नाक 8 अंश डावीकडे धरते. आता विमान तिरकं दिसतं, पण जातं सरळ. त्या क्षणी वर्गाचा जो आवाज होतो तो नाव-नदीच्या गणिताला मी कधी ऐकलेला नाही. स्टॉलचंही, म्हणजे पंखांची उचल सुटण्याचंही, तसंच. नाक उचलत राहिलं की विमान चढत राहील, असं बहुतेकांना वाटतं. वेग घसरून पन्नासच्या आसपास आला आणि पंखांनी उचलणं सोडलं की अँगल ऑफ अटॅक, म्हणजे पंख समोरून येणाऱ्या हवेशी करतो तो कोन, वेगळा समजावावा लागत नाही.

नव्या सिम्युलेटरांना मी नावं ठेवत नाही. 2020 च्या आवृत्तीत उपग्रह आणि विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांवरून सारी पृथ्वी उभी केली आहे. एका विद्यार्थ्याच्या घरी मी हरिपूरचा कृष्णा-वारणा संगम वरून पाहिला आणि गहिवरून आले. पण शिकवायला मी जुनाच घेते, कारण नव्यात मुलं संगम बघत बसतात आणि जुन्यात तबकड्यांशिवाय बघायला काही नसतं. शिवाय नव्याला महागडं ग्राफिक्स कार्ड आणि वेगवान इंटरनेट लागतं. जुना आमच्या प्रयोगशाळेतल्या सर्वांत दुबळ्या कॉम्प्युटरवरही पळतो.

मिरजेच्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. जमिनीवर बसून विमान शिकवायचं पहिलं यशस्वी यंत्र अमेरिकेत एडविन लिंक यांनी केलं, आपला सांगलीचा कृष्णेवरचा आयर्विन पूल उभा राहिला त्याच 1929 साली. लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनवण्याचा कारखाना होता. हवेचे भाते, झडपा, नळ्या या मालावरच पोरगा वाढला आणि त्याच भात्यांवर त्याने लहानसं विमान बसवलं, दांडा हलवला की कलणारं. सुरुवातीला ते जत्रेतल्या करमणुकीसाठी विकलं गेलं. 1934 मध्ये टपाल वाहून नेताना लष्कराचे वैमानिक खराब हवेत एकामागून एक मेले, तेव्हा लष्कराने अशी सहा यंत्रं घेतली आणि दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यांवर शिकले. वाद्यांच्या कारखान्यातून विमानविद्या निघाली, हे तंतुवाद्यांच्या मिरजेत शाळेच्या मुलांना सांगायला नको का?

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. या वस्तू झपाट्याने नाहीशा होत आहेत. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विनजवळ पाणी 57 फुटांवर गेलं आणि गणपती पेठेत मामांच्या दुकानात शिरलं. कॉम्प्युटर, फ्लॉप्या आणि नकाशांचं ते पुस्तक खालच्या कप्प्यात होतं. पुस्तकाचा लगदा झाला. त्याच आवृत्तीचं पुस्तक मला पुढे मिरजेतल्या एका निवृत्त अभियंत्यांच्या माळ्यावर मिळालं, त्यांच्या मुलाने पेन्सिलीने केलेल्या खुणांसकट. ते अगदी रद्दीत जायच्या बेतात होतं. एका शाळेने तर जुनी अख्खी कॉम्प्युटर लॅब कपाटातल्या फ्लॉप्यांसह वजनावर विकली, आणि मला कळलं तेव्हा टेम्पो गेलेला होता.

मेग्ज फील्डचंही पुढे तेच झालं. 30 मार्च 2003 च्या रात्री शिकागोचे महापौर रिचर्ड डेली यांच्या हुकमावरून बुलडोझर आले आणि धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खणून गेले. विमानतळावर उभी असलेली विमानं तिथेच अडकली. त्याच वर्षी निघालेल्या सिम्युलेटरमध्ये मेग्ज अजून होतं, 2006 च्या आवृत्तीत ते काढलं. 2022 साली 2020 च्या आवृत्तीत ते परत आणलं, पण आमच्या प्रयोगशाळेसारख्या साध्या कॉम्प्युटरवर मेग्जवरून उड्डाण करायचं तर जुनी फ्लॉपी किंवा सीडी हाच रस्ता आहे. शिकागोत कधी पाऊल न टाकलेल्या माझ्यासारखीला त्या बातमीने रात्रभर झोप लागली नाही, कारण तो माझा पहिला विमानतळ होता.

ज्यांच्याकडे असं काही निघेल त्यांनी काही पथ्यं पाळावीत. बंद कॉम्प्युटर सुरू होतो का बघायला लगेच वीज जोडू नये. 286-386 या प्रोसेसरांच्या काळातल्या बऱ्याच मदरबोर्डांवर पिंपाच्या आकाराची लहान बॅटरी असते, ती गळून आजूबाजूची तांब्याची वाट खाते. आधी जाणकाराकडून ती काढून घ्यावी. जुना मॉनिटर तर घरी उघडूच नये, बंद असतानाही आत जोराचा झटका देण्याइतका विद्युतभार साठलेला असू शकतो. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात फ्लॉपीच्या चकतीवर बुरशी धरते. तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली तर ती जाते आणि ड्राइव्हचं डोकंही खराब होतं. पांढुरके डाग दिसले तर घालू नका, कोरड्या जागी पाकिटात ठेवा. पुस्तक ओलं असेल तर उन्हात टाकू नका, सावलीत पंख्याखाली पानं सुटी होऊ द्या. आणि पुस्तकाला फ्लॉपीपेक्षा कमी लेखू नका, नकाशांशिवाय ती विमानं आंधळी आहेत.

मोहिमेच्या आयोजकांना माझी विनंती आहे की प्रत्येक संकलन केंद्रावर एक वेगळं खोकं ठेवावं आणि त्यावर ‘जुन्या फ्लॉप्या, सीडी, कॉम्प्युटरची पुस्तकं’ एवढंच लिहावं. छाननीचं काम मी आणि माझे दोन सहकारी शिक्षक रविवारी येऊन करू. चालण्याजोग्या फ्लॉप्यांची प्रत काढून मूळ वस्तू ज्याची त्याला परत हवी असेल तर देऊ. शहरातल्या एखाद्या ग्रंथालयाने एक टेबल, एक कपाट आणि विजेची जोडणी दिली, तर एक चालता जुना कॉम्प्युटर, ते नकाशे आणि कीबोर्ड तिथे कायम मांडता येईल आणि शाळांना पाळीपाळीने येता येईल. मुलांना चालवायला शिकवण्याची जबाबदारी माझी.

आपण हे पत्र मोहीम संपण्याआधी छापावं आणि आयोजकांपर्यंतही पोहोचवावं. साहित्य देऊ इच्छिणाऱ्यांनी आपल्या कार्यालयाकडे नाव नोंदवलं तरी चालेल, मी तिथून यादी घेऊन जाईन. खोक्यांची व्यवस्था झाल्याचं कळलं की शनिवारी दुपारीच मी केंद्रांवर चिठ्ठ्या चिकटवायला निघते.

आपली,
भौतिकशास्त्राची एक शिक्षिका,
विश्रामबाग, सांगली