स्ट्रोबचं कोडं सोडवणाऱ्यांचे आभार

स्ट्रोब, म्हणजे पाण्याखाली कॅमेऱ्याला बाहेरून जोडायचा फ्लॅश, चमकतोय, पण पाण्याखालचा फोटो मात्र निळाकाळा. या कोड्यात डोकं घालणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार. नावं घेत नाही, ज्यांचं त्यांना कळेल.

बॅटरी, केबल, संपर्कबिंदू, सगळं तपासून झालं होतं. थेट नवा स्ट्रोब घ्या म्हणणारेही भेटले. त्यांना लांबूनच नमस्कार. मग एका ताईंनी आरशाची युक्ती सांगितली. कोरड्यातच आरशासमोर उभं राहायचं आणि स्ट्रोब फ्रेममध्ये येईल असा फोटो काढायचा. फोटोत स्ट्रोबची काच उजळलेली दिसली तर शटरशी वेळ जुळतेय. नाही दिसली तर तो आधीच चमकून मोकळा झालाय. माझ्या फोटोत काच काळीठिक्कर!

कारण दुसऱ्या एका जाणकारांनी उलगडलं. टीटीएलवर (प्रकाश किती सोडायचा ते कॅमेराच ठरवतो, त्या मोडवर) असलेला कॅमेऱ्याचा फ्लॅश प्रकाश मोजण्यासाठी आधी एक हलका प्री-फ्लॅश सोडतो. फायबर ऑप्टिक केबलमधून तो स्ट्रोबपर्यंत पोचतो, मॅन्युअलवरचा (ताकद आपण हाताने ठरवलेला) स्ट्रोब त्यालाच खरा समजतो आणि शटर उघडायच्या आत सगळा दारूगोळा संपवतो. कॅमेऱ्याचा फ्लॅश मॅन्युअलवर, अगदी कमी ताकदीवर ठेवला आणि काम झालं. वर कॅमेऱ्याची बॅटरीही वाचते.

न विचारताच ‘स्ट्रोब जरा बाहेर वळव, गढूळ पाण्यातले पांढरे ठिपके कमी होतील’ असं सांगणाऱ्या दादांचे वेगळे आभार. ठिपके खरंच बरेच कमी झाले.