शेतावर उत्सव भरवण्याआधी : मित्रास पत्र

प्रिय सदाशिव,
सप्रेम नमस्कार.

पुढच्या हंगामात मंगळवेढ्याच्या तुमच्या रानात शहरातल्या कुटुंबांसाठी हुरड्याचा उत्सव भरवावा की नाही, असे तू मागच्या पत्रात विचारले होतेस. उत्तराला उशीर केला, कारण शिरूर तालुक्यातील एका सेंद्रिय शेतावर असाच उत्सव भरणार असल्याचे कळले होते आणि तो पाहिल्याशिवाय तुला सल्ला देणे मला बरे वाटेना. आता मुलांना आणि आईला घेऊन तेथे जाऊन आलो आहे. भरव, असेच माझे मत आहे. परंतु महामार्गालगत कर्णे लावून, कारंज्याखाली नाचवून ज्या हुरडा पार्ट्या चालतात, तसे काही तुझ्या मनात असेल तर हे पत्र येथेच ठेवून दे.

या शेतावर मला सर्वांत जास्त आवडला तो फाटकाजवळचा साधा, खडूने लिहिलेला फळा. पूर्वेकडच्या दोन एकरांवर रासायनिक खत बंद केल्याला दुसरे वर्ष चालू आहे, सबब तेथील माल अजून सेंद्रिय म्हणून विकला जात नाही, एवढेच त्यावर लिहिले होते. हंगामी पिकांच्या जमिनीला प्रमाणित सेंद्रिय होण्याआधी साधारण दोन वर्षांचा रूपांतरणाचा काळ धरतात आणि फळझाडांना तीन वर्षांचा, हे तुला ठाऊकच आहे. पण विक्रीच्या दिवशी, गिऱ्हाईक दारात उभे असताना ते कोण लिहितो? यजमानांनी गावातल्या आणखी काही शेतकऱ्यांसह पीजीएस (सहभागी हमी पद्धतीचा) गट केला आहे, म्हणजे सेंद्रिय प्रमाणनासाठी एकमेकांच्या शेताची पाहणी गटातील शेतकरीच करतात. आणि ही पाहणी कशी होते हे ते पाहुण्यांना बांधावरून चालवत दाखवत होते. तुमच्याकडे अद्याप गट नाही. उत्सवाआधी तेवढे एक काम मार्गी लावलेस तर ‘सेंद्रिय’ या शब्दावरून कोणी तुला अडवणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे जेवण सर्वांत शेवटी होते. सकाळी आल्यावर चहा आणि गुळाची वडी एवढेच मिळाले आणि त्यानंतर लहानमोठ्या सर्वांना कामाला लावले. ज्वारीच्या मधोमध उभारलेल्या माळ्यावर एक वयस्कर बाई मुलांना गोफण शिकवत होत्या. दोरीचे एक टोक बोटात अडकवायचे, दुसरे मुठीत धरायचे, मातीचे ढेकूळ मधल्या झोळीत ठेवून डोक्यावरून फिरवायचे आणि नेमक्या क्षणी मुठीतले टोक सोडायचे. माझ्या धाकट्याचे पहिले ढेकूळ पाठीमागे गेले. तेव्हा बाई म्हणाल्या, “बाळा, पाखरू पुढं हाय!” आणि मग त्याचा हात धरून त्यांनी दोरीचा फेर जुळवून दिला. ढेकूळ पाखरांना लागावे अशी अपेक्षाच नसते, दोरीच्या फटक्याने आणि आवाजाने थवा उठला की राखण झाली. त्यानंतर चिमण्यांचा थवा उठला की मुले आपण होऊन माळ्याकडे धावू लागली. तुझ्याकडे खेळणी आणि झोपाळे नाहीत याची तू काळजी करत होतास ना? माळा बांध, बाकीचे सोडून दे.

परसबागेच्या मांडवात मात्र गर्दी मोठ्यांची होती आणि तेथे मी पुष्कळ वेळ रेंगाळलो. नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांनी लोकप्रिय केलेले जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेले जमिनीला घालायचे द्रावण, सगळ्यांनी ऐकलेले असते. दोनशे लिटर पाण्याला दहा किलो शेण हे प्रमाण ऐकून गच्चीवर बाग करणारा माणूस मात्र घाबरतो. म्हणून येथे वीस लिटरच्या बादलीतच करून दाखवले : एक किलो शेण, एक लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन दोनदोनशे ग्रॅम, बांधावरची मूठभर माती, सावलीत दोन दिवस ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळायचे. त्याबद्दल जे जे दावे केले जातात ते सगळे मला पटलेले नाहीत, पण वाळलेल्या पाल्याचे आणि उसाच्या चोयट्यांचे आच्छादन घातलेली कुंडी आणि उघडी कुंडी शेजारी शेजारी ठेवली होती, आणि बोट खुपसून पाहिल्यावर त्यातला फरक कोणालाही सांगावा लागत नव्हता. श्री. अ. दाभोळकरांचा प्रयोग परिवार, म्हणजे प्रयोगशील शेतकऱ्यांचे त्यांनी जुळवलेले जाळे, याच पद्धतीने चालत असे, स्वतः करून पाहायचे आणि पाहिलेले शेजाऱ्याला सांगायचे. तुझे वडील त्यांच्याविषयी किती आदराने बोलत, ते मला तेथे आठवले.

बियाण्यांची देवघेव याच मांडवाच्या टोकाला होती. विकत काहीच नव्हते. बी आणायचे आणि बी न्यायचे. गावरान बियाणे जपणाऱ्या, अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाल्यापासून अशा बियाण्यांविषयी कुतूहल वाढले आहे खरे, पण बी धरायचे कसे हे फार थोड्यांना माहीत असते. घेवडा, चवळी, टोमॅटो यांचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे त्यांचे बी नवख्यानेही धरावे. दुधी, काकडी, भोपळा यांच्यात मधमाश्या एका वाणाचे पराग दुसऱ्यावर नेतात, म्हणून तेथे फूल बांधून ठेवण्याची खटपट करावी लागते. संकरित वाणाचे बी धरले तर पुढच्या पिढीत झाडे एकसारखी येत नाहीत, हेही स्पष्ट सांगितले. पिकलेल्या टोमॅटोचा बियांसकट बुळबुळीत गर पाण्यात दोन दिवस आंबवून, बी धुऊन सावलीत वाळवायचे, हे काम मुलांकडे होते आणि वासाने नाके मुरडत त्यांनी ते आवडीने केले. काकूंनी राखेत ठेवलेला तुमचा जांभळ्या शेंगांचा घेवडा येथे असता तर त्याच्याभोवती रांग लागली असती.

शेवटी आगटी, म्हणजे हुरडा भाजायचा निखाऱ्यांचा खड्डा. हुरडा गुळभेंडी या ज्वारीच्या वाणाचा होता. कणीस काढण्याआधी दाणा नखाने दाबून पाहत होते. चीक आला तर थांबायचे, नख रुतले नाही तर ते कणीस भाकरीसाठी ठेवायचे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसे खोचून, दांडे बाहेर ठेवून फिरवत भाजली, आणि गरम असतानाच हातावर चोळून सुपात पाखडली. गुळभेंडीचा दाणा बोंडातून चटकन सुटतो, म्हणून चोळणाऱ्याचे हात वाचतात. तुमची मालदांडी ज्वारी भाकरीला अव्वल आहे, मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही आहे, पण हुरड्यासाठी थोडे रान गुळभेंडीला किंवा राहुरी कृषी विद्यापीठाच्या फुले उत्तरा या हुरड्याच्या वाणाला द्यावेस असे मला वाटते. सोबतीला कारळ्याची आणि लसणाची चटणी, मडक्यातले दही, भरीत, बोरे एवढेच होते. पनीर मागणाऱ्या एका गृहस्थांना यजमानीणबाईंनी हसून दुसऱ्यांदा भरीत वाढले. आईला दात नसल्याने तिच्यासाठी त्यांनी न सांगता हुरड्याचे थालीपीठ लावून दिले.

उणिवा दोनच, पण मोठ्या. स्वच्छतागृहे कमी होती आणि लांब होती. म्हाताऱ्या माणसांचे आणि लेकुरवाळ्या बायकांचे त्यात हाल झाले. आणि दुपारी सावलीची जागा पुरली नाही. तुमच्याकडे विहिरीजवळची दोन चिंचेची झाडे आहेत, पंगत तेथेच बसव.

आता कामाचे. रब्बीची ज्वारी तुम्ही सप्टेंबरच्या मध्यापासून पेरता. हुरड्याचे रान तीन तुकड्यांत, दहाबारा दिवसांच्या अंतराने पेर, म्हणजे सगळी कणसे एकाच आठवड्यात निबर होणार नाहीत आणि डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत चारपाच रविवार सहज निभतील. एका रविवारी साठसत्तर माणसांपेक्षा जास्त घेऊ नकोस. आगटीभोवती तेवढीच माणसे गरम हुरडा खाऊ शकतात, बाकीच्यांच्या वाट्याला गार आणि चिवट येतो. गुळभेंडीचे बी शिरूरच्या यजमानांनी द्यायचे कबूल केले आहे, बदल्यात त्यांना काकूंचा घेवडा हवा आहे. काकूंना विचारून कळव, म्हणजे मार्चमध्ये सोलापूरला येईन तेव्हा दोन्हीची अदलाबदल करता येईल.

काकूंना सा. न., मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव