चार कपाटं आणि एक सही

सोलापूर,
7 डिसेंबर

चि. दादूस,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू सगळं सांगितलंस आणि मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. ठेवायला नको होता. पण तुझे बाबा ताटावर बसले होते, कुकर शिट्ट्या देत होता, आणि खरं म्हणजे मला नीट शब्दच सापडेनात. व्हॉट्सॲपवर एवढं लांब लिहिलं तर तू अंगठा दाखवून मोकळा होशील, म्हणून कागद घेतलाय.

ती मुलगी डोक्यातून जात नाहीये. तुझ्या चाकणच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावरच्या नोकरीसाठी आली होती, जन्मापासून ऐकू येत नाही. नमुन्याच्या वीस भागांतले सदोष भाग तिने बाकीच्या पोरांच्या आधी बाजूला काढले, हे तूच कौतुकाने सांगितलंस. आणि तरी नाही म्हणालास. “आई, शॉपमध्ये फोर्कलिफ्ट फिरतात. हॉर्न ऐकू येणार नाही. उद्या काही झालं तर तिच्या वडिलांना काय तोंड दाखवू? तिच्या भल्यासाठीच नाही म्हटलं.”

भल्यासाठी. दादू, हा शब्द माझ्या चांगला ओळखीचा आहे. मला पायावरून चिडवणारे, लंगडी म्हणणारे आयुष्यात बोटावर मोजण्याएवढेच भेटले. त्यांच्याशी भांडता आलं. माझ्या भल्यासाठी मला बसवून ठेवणारे मात्र अगणित निघाले, आणि त्यांच्याशी भांडायची सोयच नसते. उलट त्यांचे आभार मानावे लागतात.

मी दोन वर्षांची असताना ताप आला आणि डावा पाय गेला. तेव्हा पोलिओचे डोस घरोघर येत नव्हते. (देशातला शेवटचा रुग्ण 2011 च्या जानेवारीत सापडला. तू आठवीत होतास. ती बातमी मी दोनदा वाचली होती.) मी दहा वर्षांची झाले आणि आमच्या चाळीतल्या सगळ्या बायकांनी एकमताने ठरवलं की हिला बिडीला बसवा. बसून करायचं काम. मांडीवर सूप, कात्रीने तेंदूचं पान कापायचं, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा. हजाराच्या हिशेबाने पैसे आणि छाटून टाकलेल्या बिड्यांचे नाहीत. कुणी वाईट मनाने म्हणत नव्हतं. अपंग पोरीला काम मिळतंय यात सगळ्यांना आनंदच होता. माझ्या बोटांना ते जमलंही. फक्त माझ्या डोक्याला काय जमेल हे कुणी विचारलं नाही. विचारलं ते एकट्या आप्पांनी, माझ्या वडिलांनी.

तुझ्या फोर्कलिफ्टवरून मला आप्पाच आठवले. तू त्यांना फार पाहिलं नाहीस. अशोक चौकाच्या मागच्या एका शेडमध्ये ते टॉवेलच्या मागावर होते. तीस यंत्रमाग एका छपराखाली. लहानपणी मी डबा घेऊन जायचे. दारात उभं राहिलं की छातीत धडधडायचं, कानाने ऐकायची गोष्टच नव्हती ती. तिथे कुणालाच काही ऐकू यायचं नाही. मग काय करत? हात करत. मूठ डोक्यावर ठेवली की मालक आला. दोन बोटं ओठाला, म्हणजे चहा. धोटा अडकला, कांडी संपली, ताण्याचा धागा तुटला, प्रत्येकाला खूण होती. तेलुगू बोलणारे, मराठी बोलणारे, कानडी बोलणारे, शेडमध्ये सगळ्यांची भाषा एकच, हाताची. आप्पा घरी येऊनसुद्धा ओरडून बोलायचे आणि आई म्हणायची, “हळू बोला, माग बंद झाला.” पन्नाशीत त्यांना दारावरची कडी ऐकू येईना. शेजारच्या तिघांचंही तेच. कारखाने कायद्याखालच्या नियमांत आठ तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा होती आणि गोंगाटाने येणारा बहिरेपणा हा त्याच कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीतला व्यवसायजन्य आजार होता, हे मी पुढे नोकरीत असताना वाचलं. आप्पांना अपंग कुणी म्हटलं नाही आणि भरपाईही कुणी दिली नाही. ते कामावर जात राहिले. बहिऱ्या माणसाला मागावर धोका आहे, असं त्या शेडमध्ये कुणाच्या डोक्यातही आलं नाही, कारण सगळेच अर्धे बहिरे होते.

तुझ्या शॉपमध्ये प्रेस चालू असताना पोरं कानात बोळे घालतात ना? मागच्या दिवाळीत तूच फोटो दाखवला होतास. मग त्यांना हॉर्न कसा ऐकू येतो?

तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. माणूस चिरडला तर कायदा आणि पत्रं चुलीत जातात. पण शेजारच्या काकूंचा मुलगा गोदामात आहे, त्याला मी विचारलं. तो म्हणाला, फोर्कलिफ्टच्या पुढे जमिनीवर निळा ठिपका पाडणारा दिवा मिळतो, कोपऱ्यावर गाडी दिसायच्या आधी ठिपका दिसतो. चालायची पट्टी पिवळ्या रंगाने वेगळी आखतात. आगीच्या घंटेसोबत लुकलुकणारा दिवा बसतो. हे सगळं ऐकू येणाऱ्यांच्याही कामाचं आहे. आणि तिचं टेबल भिंतीकडे तोंड करून नसलं म्हणजे निम्मं काम तिथेच झालं.

आता माझी गोष्ट. यातली अर्धी तुला माहीत आहे, अर्धी मी सांगितलेली नाही.

1995 च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अपंगांना 3 टक्के जागा मिळाल्या. सिव्हिलमधून मला 55 टक्क्यांचं प्रमाणपत्र मिळालं, मराठी 30 आणि इंग्रजी 40 ची टायपिंग परीक्षा दिली, रोजगार विनिमय केंद्रात नाव नोंदवलं आणि 1998 मध्ये तू दीड वर्षाचा असताना ऑर्डर आली. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, पेन्शनचे कागद अजून तिथूनच व्हायचेत! मला आवक-जावकला बसवलं. तळमजला, दाराजवळ. “ताई, तुम्हाला सोयीचं.” होतंही सोयीचं. एक वर्ष, दोन वर्षं, नऊ वर्षं सोयीचं होतं. नऊ वर्षं मी येणाऱ्या टपालावर नंबर टाकले. माझ्यानंतर आलेले लेखा शाखेत गेले, आस्थापनेवर गेले, टिपणी लिहायला शिकले. मला कुणी काही शिकवलं नाही, कारण मला त्रास नको होता.

मग वरिष्ठ लिपिकाची बढती आली. जागा दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, “तुमचीच ओढाताण होईल. लेखी द्या, की सध्या बढती नको.” एवढ्या गोड आवाजात माझ्याशी त्या इमारतीत कुणी बोललं नव्हतं. मी सही केली. घरी येऊन बाबांना सांगितलं की जागा दुसऱ्याला मिळाली.

त्याच 1995 च्या कायद्यात 47 वं कलम होतं, की केवळ अपंगत्वामुळे कुणाची बढती नाकारता येणार नाही. ते मला माहीत नव्हतं आणि असतं तरी काय? माझी बढती कुणी नाकारलीच नव्हती. मीच नाकारली होती, कागदावर, निळ्या शाईत.

तीन वर्षांनी नवीन बाई आल्या. त्यांनी फाइल चाळली आणि मला विचारलं, “जिना चढता येत नाही, की काम करायचं नाही?” एवढा उद्धट प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि इतका बराही वाटला नव्हता. मी म्हटलं, जिना. दुसऱ्या दिवशी दोन शिपायांनी चार कपाटं खाली आणली आणि तळमजल्यावरची स्टेशनरी वर नेली. दुपारच्या जेवणाआधी काम झालं. चार कपाटं, दादू. त्यासाठी मी तीन वर्षं घालवली होती. पुढच्या बढत्याही त्याच तीन वर्षांनी मागे सरकल्या, पेन्शनच्या हिशेबात आता तो फरक दिसतोय.

आणि मीही काही संत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक दृष्टिहीन मुलगा लिपिक म्हणून लागला, तेव्हा साहेबांना मीच म्हणाले, त्याला फोनवर बसवा, फाइली कशा वाचेल बिचारा. मी! ‘बिचारा’ हा शब्द माझ्या तोंडून गेला. त्या मुलाने स्वतःच्या पेनड्राइव्हवरून एनव्हीडीए टाकलं, ते फुकट मिळतं आणि पडद्यावरचं मराठी मोठ्याने वाचून दाखवतं. तरी आमच्या जुन्या फाइली त्याला वाचता येईनात. कारण वेगळंच निघालं. आम्ही वर्षानुवर्षं जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं होतं. आपल्याला पडद्यावर मराठी दिसतं, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची रद्दी असते, तेच त्याच्या कानात बडबडायचं. नवीन पत्रं युनिकोडमध्ये करायचं ठरलं आणि तो माझ्यापेक्षा भराभर काम उरकू लागला. अडचण त्याच्या डोळ्यांत कमी होती, माझ्या टायपिंगमध्ये जास्त. ही गोष्ट पचायला मला बरेच दिवस लागले.

कारकून बाई आहे, कलम सांगितल्याशिवाय राहवत नाही. 2016 चा नवा कायदा आला तेव्हा अपंगत्वाचे प्रकार 7 चे 21 झाले आणि सरकारी जागा 4 टक्के. तुमच्या खासगी कारखान्याला आरक्षण नाही, हे तुझं बरोबर. पण त्याच कायद्याच्या 21 व्या कलमाप्रमाणे समान संधीचं धोरण खासगी आस्थापनेलाही जाहीर करावं लागतं, आणि वीस किंवा जास्त माणसं असली तर कुठली पदं योग्य, काय सोयी देणार, हे त्यात लिहावं लागतं. तुमच्या एचआरला विचार, कुठल्या फायलीत आहे ते. असेलच. भिंतीवर लावलेलं नसेल.

2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग माणसं मोजली गेली. त्यांतली 36 टक्केच कामावर होती. नुसत्या बायका धरल्या तर 23 टक्के. त्या 23 मध्ये मी होते म्हणून हा आकडा पाठ आहे. उरलेल्या 77 जणींतल्या सगळ्यांना काही कुणी हाकलून दिलं नसेल. बऱ्याच जणींना खुर्ची देऊन, चहा पाजून घरी पाठवलं असणार.

मागच्या बुधवारी 3 डिसेंबर, जागतिक अपंग दिन होता. इथे एका कार्यक्रमात माझा सत्कार झाला, निवृत्ती जवळ आली म्हणून. ‘दिव्यांग भगिनी’ म्हणाले. शब्दाचं मला काही नाही, अपंग म्हणा, दिव्यांग म्हणा. पण व्यासपीठाला पाच पायऱ्या होत्या आणि कठडा नव्हता. शेवटी पाहुणेच खाली आले आणि शाल घातली. फोटो छान आलाय.

तुझ्या बोलण्यातली एक गोष्ट मात्र मला सगळ्यांत जास्त लागली. तू म्हणालास, “तिच्या वडिलांना मी नीट समजावून सांगितलं.” वडिलांना का? नोकरी मागायला कोण आलं होतं? आपण चाटी गल्लीत गेलो की दुकानदार बाबांना विचारतो, “वहिनींना कुठला रंग दाखवू?” आणि तू लहान असताना माझ्या आधी ओरडायचास, “आईला विचारा ना!” तो मुलगा चाकणला जाऊन कुठे हरवला?

तिला पुन्हा बोलाव. वडील आले तर त्यांना बाहेर चहा दे. तिच्यासमोर कागद ठेव नाहीतर मोबाइलवर टाइप करून विचार, खाणाखुणा करणारं कुणी मिळालं तर फारच बरं. शॉप दाखव, फोर्कलिफ्ट कुठून कुठे जाते ते दाखव, आणि विचार की तुला इथे काय लागेल. ती असं काही सांगेल जे तुला-मला सुचलेलं नाही. कदाचित ती स्वतःच म्हणेल की इथे नको, मला भीती वाटते. तेही चालेल. ते तिने म्हणायचं.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला येशील तेव्हा तिचं उत्तर काय आलं ते सांग. नाही म्हणाली असली तरी सांग.

तुझी,
आई

ता. क. शेंगाचटणीचा डबा काकूंच्या मुलाबरोबर हुतात्मा एक्सप्रेसने पाठवतेय. मागचे दोन डबे अजून परत आलेले नाहीत.