'तपासून घेतलेला' म्हणून विकलेला ॲक्शन कॅमेरा सदोष असल्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : वापरलेल्या ॲक्शन कॅमेऱ्याचे झाकण, सील आणि बॅटरी सदोष, पूर्ण रक्कम परत मिळणेबाबत

महोदय,

तुमच्या संकेतस्थळावरून गोप्रो हीरो ९ ब्लॅक हा वापरलेला कॅमेरा १६,५०० रुपयांना घेतला. जाहिरातीत 'ए ग्रेड, ३२ मुद्द्यांवर तपासणी, सहा महिने हमी' असे लिहिले होते. पार्सल साताऱ्यात मिळाल्यानंतर चौथ्या दिवशी तक्रार नोंदवली. 'वापरलेल्या वस्तूत झीज असतेच, कॅमेरा रिसेट करून पाहा' असे पहिले उत्तर आले. पाण्याने झालेले नुकसान हमीत बसत नाही, असे दुसऱ्या उत्तरात कळवले. दोन्ही उत्तरे कॅमेरा न पाहता दिलेली आहेत, म्हणून सगळे सविस्तर लिहितो.

ओरखड्यांबद्दल माझी तक्रार नाही. ते फोटोत दिसत होते आणि किंमत त्या हिशेबानेच मान्य केली होती. मेनूतला सिरियल नंबर आणि बॅटरीच्या खाचेत छापलेला नंबरही जुळतो. म्हणजे कॅमेरा मूळचाच आहे, बॅटरीच्या खाचेवर बसवलेले झाकण मात्र मूळचे नाही.

सगळे बिघडले आहे ते या झाकणापाशी. हे मॉडेल वेगळ्या जलरोधक कव्हरशिवाय १० मीटर खोलीपर्यंत पाण्यात चालते, पण झाकणाच्या आतली रबरी सील चारही बाजूंनी दाबून बसली तरच. तुम्ही पाठवलेले झाकण बिजागरीपाशी ढिले आहे. बंद करून खालच्या कोपऱ्यावर बोट दाबले की ते केसभर हलते. वहीच्या कागदाची अर्धा सेंटीमीटर रुंद पट्टी झाकणात धरून एकेका कडेने ओढून पाहिली. वरच्या कडेला आणि दोन्ही बाजूंना कागद फाटतो पण सुटत नाही. खालच्या कोपऱ्यातून तो अलगद निघून येतो. त्या जागी सील चपटी झाली आहे आणि तिच्यात बारीक वाळू रुतलेली आहे. वाळूचा एक कण सीलखाली राहिला तरी पाणी आत जायला वाट मिळते.

आणि पाणी आत गेलेले आहेच, माझ्याकडे येण्यापूर्वी. टॉर्च मारून पाहिले तर बॅटरीच्या दोन पिनांवर हिरवट थर आहे आणि शेजारी पांढरी पूड. खारे पाणी शिरून तसेच वाळले की असे दिसते. पार्सल फोडतानाच्या सलग चित्रीकरणात ३ मिनिटे ४० सेकंदांवर हा थर स्पष्ट दिसतो. तेव्हा 'नुकसान ग्राहकाने केले' हे म्हणणे टिकत नाही. मी कॅमेरा एकदाही पाण्यात घातलेला नाही.

लेन्सचे लक्षणही तेच सांगते. दहा मिनिटे चित्रीकरण करून कॅमेरा कोमट झाला, मग लेन्सवर गार ओले फडके ठेवले. मधोमध रुपयाएवढे धुके धरले. या मॉडेलची पुढची काच निघते. ती काढून दोन्ही बाजूंनी पुसली, तरी धुके तिच्यामागच्या लेन्सच्या आत तसेच राहिले. पुढच्या काचेखाली अडकलेला दमटपणा पुसून जातो, आतला जात नाही. कासला किंवा ठोसेघरला पावसात नेण्यासाठीच लोक असे कॅमेरे घेतात. तिथल्या धुक्यात आणि गारव्यात हा कॅमेरा काही मिनिटांत आंधळा होईल.

बॅटरी मूळ क्षमतेने १७२० एमएएचची असायला हवी. पूर्ण चार्ज करून, समोर पंखा लावून, ४के दर्जाच्या, सेकंदाला ३० चौकटींच्या चित्रीकरणावर सोडली तर ३१ मिनिटांत कॅमेरा बंद पडला. तापल्याचा संदेश आला नाही, थेट बॅटरी संपल्याचा आला. चांगली बॅटरी तासाभराच्या पुढे सहज जाते. ही काचेवर ठेवली की डुगडुगते, म्हणजे फुगली आहे, आणि खाचेतून काढताना अडकते. मेमरी कार्ड व्ही ३० या वेगाच्या दर्जाचे असून दुसऱ्या कॅमेऱ्यात नीट चालते.

तुमची ग्रेड बाहेरच्या कवचावरून ठरते, हे मला सर्वांत गंभीर वाटते. ॲक्शन कॅमेऱ्याला ओरखडे पडणारच. सील, पिना आणि बॅटरी न पाहता त्याला 'तपासलेला' म्हणणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे.

मला पूर्ण १६,५०० रुपये परत हवेत. कॅमेरा नेण्याचा खर्च तुमचा. नवे झाकण आणि नवी बॅटरी घालून देण्याचा प्रस्ताव मला मान्य नाही, कारण गंजलेल्या पिना आणि आतली ओल त्याने जाणार नाही. याच जाहिरातीतले उरलेले नग सीलची तपासणी होईपर्यंत विक्रीतून काढावेत, अशीही मागणी आहे.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात व्हायला हवे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागेन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते.

फुगलेली बॅटरी कॅमेऱ्यात घालून कुरिअरने पाठवणे धोक्याचे आहे. ती काढून वेगळी ठेवली आहे, त्यानंतर चार्ज केलेली नाही. ती कशी न्यायची ते लेखी कळवावे, तोपर्यंत पार्सल देणार नाही.

आपला,
एक ग्राहक, सातारा