सूचना : घरामागचा पोहण्याचा पूल थंडीसाठी बंद करताना

मंडळी, नमस्कार.

न्यू जर्सीत पानगळ सुरू झाली आहे. ज्यांच्याकडे जमिनीवर उभा केलेला पूल आहे, त्यांनी पाण्याचं तापमान 65 अंश फॅरनहाइटच्या खाली टिकायला लागलं की तो बंद करायला घ्यावा. आधी घाई केली तर कव्हरखाली शेवाळ धरतं.

पूल पूर्ण रिकामा मात्र करू नका. आतल्या पाण्याच्या दाबामुळेच लायनर (आतलं प्लास्टिकचं अस्तर) जागेवर राहतो आणि भिंतींना आधार मिळतो. तळ झाडून घ्या, पीएच 7.2 ते 7.6 मध्ये आणा आणि पाणी स्किमरच्या (वर तरंगणारा कचरा ओढून घेणारी भिंतीतली खाच) तोंडाखाली चार-सहा इंच उतरवा. तेवढं पुरे.

खरी काळजी पंपाची. गोठताना पाणी साधारण 9 टक्के फुगतं. गेल्या वर्षी माझ्याकडून पंपाच्या तळाचा, पाणी सोडायचा छोटा प्लग (बूच) काढायचा राहिला. एप्रिलमध्ये बघतो तर तळाशी केसाएवढी बारीक चीर, पंप गेला. म्हणून पंप, फिल्टर, होजपाइप सगळं नीट निथळवा. काढलेले प्लग पंपाच्याच जाळीत ठेवा, म्हणजे हरवत नाहीत.

कव्हरखाली मधोमध हवेची उशी ठेवा, गच्च न भरता. बर्फाचा दाब ती झेलते, भिंतींवर येत नाही.

आणि शिडी त्याच दिवशी काढून आत ठेवा. कव्हरवर साचलेलं पावसाचं पाणीही वेळच्या वेळी उपसा. लहान मुलांना तेवढं पाणीही धोक्याचं आहे. शेजारची मुलं अंगणात येतात, कृपया यात अजिबात ढिलाई नको.

कुणाला कव्हर ओढायला माणूस हवा असेल तर ग्रुपवर कळवा. शनिवारी सकाळी मी मोकळा आहे.