युद्धावरून परतलेल्यांच्या नोंदी त्यांच्या घरच्यांना मिळाव्यात

मा. संपादक यांस,
सादर नमस्कार.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा तत्कालीन हिंदी सैन्याची संख्या 25 लाखांच्या घरात गेली होती, आणि त्या सैन्यात मध्यप्रांत व वऱ्हाडातल्या, म्हणजे आजचा विदर्भ ज्यात येत होता त्या प्रांतातल्या, कितीतरी घरांतले तरुण होते. त्यांची नातवंडे आता पन्नाशी-साठीत आली आहेत. वंशावळ लिहायला बसले की आजोबांच्या किंवा चुलत आजोबांच्या नावापुढे 'लढाईवर गेले होते' एवढीच ओळ येते, आणि मग ते कोणत्या पलटणीत होते, कुठे गेले होते, केव्हा सुटून आले, हे प्रश्न उभे राहतात. या प्रश्नांची उत्तरे शोधताना जो अनुभव येतो तो असा, की जो सैनिक युद्धात मरण पावला त्याचा माग आज घरबसल्या निघतो, पण जो जिवंत परत आला त्याची साधी नोंद मिळवायला त्याच्याच घरच्यांना दारोदार फिरावे लागते. ही तफावत दूर करता येण्यासारखी आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मृत सैनिकांच्या बाबतीत काम सोपे आहे, कारण 1917 मध्ये स्थापन झालेल्या आणि आज राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने आपली संपूर्ण यादी संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहे. 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947 या काळात मृत्यू पावलेल्या, अविभाजित हिंदुस्थानच्या सैन्यातल्या सुमारे 87 हजार जणांची नोंद तिच्यात आहे. नाव नेमके ठाऊक नसले तरी अडत नाही. अनेक नोंदींत 'अमक्याचा मुलगा, अमक्या गावचा, नागपूर' अशी जादा माहिती असते आणि तिच्यातला शब्द टाकूनही शोध घेता येतो. हिंदू आणि शीख सैनिकांचे दहन झाल्यामुळे त्यांची समाधी सापडत नाही, म्हणून नातेवाईक निराश होतात. पण त्यांची नावे इम्फाळच्या, इटलीतील फोर्ली आणि सांग्रो नदीकाठच्या दहनस्मारकांवर किंवा रंगूनजवळच्या तौक्यान येथील स्मारकावर कोरलेली आहेत. पहिल्या महायुद्धाबाबत मात्र हीच संस्था कमी पडली. इराकमधील बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावे आली आणि साध्या हिंदी शिपायांची पलटणवार नुसती संख्या आली. हा भेदभाव आयोगाने 2021 मध्ये स्वतःच्या अहवालात मान्य केला, ही त्यातली जमेची बाजू.

आता परतलेल्यांकडे वळतो. युद्धकाळात भरती झालेले बहुसंख्य जवान युद्ध संपताच, 1945 ते 1947 दरम्यान, थोडीशी रक्कम हातावर ठेवून घरी पाठवले गेले आणि त्यांना निवृत्तिवेतन मिळाले नाही. पुढची सगळी अडचण इथून सुरू होते. सैन्याच्या नियमावलीप्रमाणे निवृत्तिवेतन नसलेल्या सैनिकाची सेवेची कागदपत्रे, ज्यांना माजी सैनिक 'शीट रोल' म्हणतात, 25 वर्षे जपून ठेवली जातात आणि नंतर नष्ट केली जातात. म्हणजे 1946 मध्ये सुटलेल्या जवानाचे कागद सत्तरच्या दशकातच नष्ट होण्यास पात्र ठरले. परंतु त्याच नियमाप्रमाणे 'लाँग रोल' नावाची नोंदवही कायमची जपायची असते, आणि ही गोष्ट बहुतेक कुटुंबांना माहीतच नसते.

माझ्या वडिलांचे थोरले काका, ज्यांना घरात सगळे मोठेबाबा म्हणत, 1943 मध्ये उमरेडकडच्या आमच्या गावाहून भरती झाले आणि 1946 मध्ये परत आले. त्यांची 'सेवेची कागदपत्रे' मिळावीत असा अर्ज आम्ही संबंधित अभिलेख कार्यालयाकडे केला, तेव्हा कागदपत्रे नियमानुसार नष्ट करण्यात आली आहेत, असे दोन ओळींचे उत्तर आले. लाँग रोल नावाची वही त्याच कार्यालयात आहे आणि तिचा उतारा मागता येतो, हे त्या उत्तरात कुठेही नव्हते. ते आम्हाला एका निवृत्त सुभेदार साहेबांनी सांगितले. पुढच्या अर्जात लाँग रोलचा उतारा असे स्पष्ट शब्दांत मागितल्यावर एक पानभर नक्कल आली. तीत क्रमांक, नाव, वडिलांचे नाव, गाव, भरतीची आणि सेवेतून सुटल्याची तारीख होती, आणि सुटण्याचे कारण म्हणून सेवेची गरज उरली नाही असा शेरा होता. ऐंशी ओलांडलेल्या माझ्या आत्याने तो कागद माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला आणि त्याच्या प्रती काढून सगळ्या भावंडांकडे पाठवायला लावल्या. एका पानाने घरात काय फरक पडतो, हे त्या दिवशी मी पाहिले. ज्यांना नकाराच्या दोन ओळी आल्या आणि ज्यांनी तिथेच शोध सोडला, अशी कुटुंबे किती असतील, याची मला खरोखर काळजी वाटते.

ज्यांना हा शोध सुरू करायचा आहे त्यांनी आधी घरात पाहावे, कारण सगळी मदार सैनिकाच्या क्रमांकावर असते. डिस्चार्ज सर्टिफिकेट सापडले तर प्रश्नच नाही. ते नसेल तर देव्हाऱ्याच्या कप्प्यात किंवा जुन्या पेटीत पडलेली पदके बाहेर काढावीत. हिंदी सैन्याला दिलेल्या पदकांवर बहुधा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक इंग्रजी अक्षरांत ठोकलेली असते. गोल पदकाच्या कडेवर आणि सहा टोकांच्या चांदणीच्या आकाराच्या पदकाच्या मागच्या बाजूला ती पाहावीत. पदक चिंच आणि राखेने घासू नये. अक्षरे उथळ असतात, पुसट झाली की गेली. भिंगाखाली तिरका उजेड पाडून आधी छायाचित्र घ्यावे. फितीचे रंगही सांगतात: मधोमध रुंद लाल पट्टा आणि दोन्ही बाजूंना नारिंगी रेघ असलेले गडद निळे पट्टे असतील, तर ती बर्मा स्टारची फीत. पण तेवढ्यावरून आजोबा ब्रह्मदेशात लढले असे लगेच लिहून टाकू नये, कारण ठरावीक काळात आसाम-बंगालमध्ये काम केलेल्या तुकड्यांनाही हे पदक मिळाले आहे.

नावांचा घोळ मोठा आहे. लिहून घेणारा कारकून आपल्या भागातला नसे, त्याच्या कानाला जे पडले ते त्याने इंग्रजीत उतरवले, आणि अनेकदा आडनाव गाळून फक्त स्वतःचे आणि वडिलांचे नाव ठेवले. त्यामुळे मेश्राम, गजभिये, नेवारे अशी आडनावे शोधताना चार-पाच तऱ्हेची स्पेलिंगे करून पाहावी लागतात. जिल्हाही त्या वेळचा द्यावा. आजच्या गडचिरोलीतले गाव तेव्हा चांदा जिल्ह्यात होते, कारण गडचिरोली जिल्हा झाला तो 1982 मध्ये. गोंदियाकडचे गाव 1999 पर्यंत भंडाऱ्यात होते. छिंदवाडा आणि बालाघाट तर आता मध्यप्रदेशात आहेत.

नागपूरकरांना पहिली आठवण कामठीची होते आणि तिथे चौकशी करावीशी वाटते, हे स्वाभाविक आहे. पण कामठीला केंद्र असलेली ब्रिगेड ऑफ द गार्ड्स 1949 मध्ये उभी राहिली, आणि महायुद्धातल्या जवानांच्या नोंदी ज्याच्या-त्याच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या अभिलेख कार्यालयात असतात. मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव, तोफखान्यासाठी नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्ससाठी खडकी, सिग्नल्स आणि ग्रेनेडियर्ससाठी जबलपूर, मेडिकल कोअरसाठी लखनौ येथे लिहावे लागते. महार रेजिमेंटसाठी सागरला. या रेजिमेंटबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण नागपूर आणि आसपासच्या असंख्य घरांशी तिचा संबंध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये, 111 वी महार पलटण उभारली गेली आणि 1921 मध्ये मोडली गेली. पुन्हा महार रेजिमेंट उभी राहिली ती 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावात, आणि तिच्यामागे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आग्रह होता. ज्या समाजाला भरतीचा हक्कच झगडून परत मिळवावा लागला, त्यातल्या सैनिकाची नोंद त्याच्या नातवंडांच्या हाती पडणे हा निव्वळ हौसेचा विषय नाही, असे मी मानतो. फाळणीच्या वेळी बलुच आणि फ्रंटियर फोर्ससारख्या रेजिमेंटा पाकिस्तानकडे गेल्या. आपल्याकडची फार थोडी माणसे त्यांत असतील.

पत्राला उत्तर न आल्यास माहिती अधिकार कायद्याचा मार्ग आहे. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवसांची, आणि अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो योग्य कार्यालयाकडे पाठवण्याची जबाबदारी त्या कार्यालयाचीच असते. अर्ज मात्र नेमका असावा. 'सर्व माहिती द्यावी' असे न लिहिता 'लाँग रोलमधील नोंदीची साक्षांकित प्रत द्यावी' असे लिहावे, आणि नात्याचा पुरावा सोबत जोडावा. व्यक्तीची नोंद नाहीच मिळाली तरी तुकडीचा इतिहास मिळतो. पलटणींच्या युद्धकालीन रोजनिशा लंडनमधल्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांत शिपायांची नावे क्वचितच येतात, पण तुकडी कोणत्या तारखेला कुठे होती हे कळते. ज्यांचे नातेवाईक फेब्रुवारी 1942 मध्ये सिंगापुरात कैद झाले आणि पुढे आझाद हिंद सेनेत गेले, त्यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर अवश्य शोध घ्यावा.

एवढी धडपड प्रत्येक कुटुंबाने वेगवेगळी का करायची, हा माझा मूळ प्रश्न आहे. लाहोरच्या संग्रहालयात पंजाबातल्या पहिल्या महायुद्धाच्या सैनिकांची गाववार रजिस्टरे पडून होती. इंग्लंडमधल्या पंजाबी वारसा जपणाऱ्या संस्थेने ग्रीनिच विद्यापीठाबरोबर त्यांचे काम हाती घेतले, आणि सुमारे 3 लाख 20 हजार जणांची माहिती असलेली ती रजिस्टरे 2021 पासून संगणकावर येऊ लागली. हे काम होऊ शकते, याचा याहून मोठा पुरावा नको. संरक्षण मंत्रालयाने जून 2021 मध्ये युद्धविषयक अभिलेखांचे धोरण जाहीर केले आणि जुन्या नोंदी साधारणतः 25 वर्षांत खुल्या करून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवाव्यात असे म्हटले. त्या धोरणाचा भर रोजनिशा आणि मोहिमांच्या कागदांवर आहे. माझी मागणी अशी आहे की 1947 पूर्वीचे लाँग रोलही त्यांत घ्यावेत, त्यांची छायाचित्रे काढावीत आणि नाव, गाव व जिल्ह्यानुसार सूची करून ती अभिलेख पटलावर ठेवावी. या नोंदींतला तपशील इतका जुना आणि इतका मोजका आहे की त्यामुळे देशाच्या सुरक्षेला किंवा कोणाच्या खासगी आयुष्याला धक्का लागण्याचा प्रश्न येत नाही.

हे दिल्लीत होईल तेव्हा होईल. नागपुरात काही गोष्टी त्याआधीही होऊ शकतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे महायुद्धातल्या सैनिकांच्या आणि त्यांच्या विधवांच्या साहाय्याच्या ज्या जुन्या फायली असतील, त्या रद्दीत न घालता त्यांची यादी करावी, आणि लाँग रोलचा उतारा मागण्याचा एक छापील नमुना अभिलेख कार्यालयांच्या पत्त्यांसह तिथे ठेवावा. त्याला खर्च जवळजवळ नाही. नागपूर विद्यापीठाच्या इतिहास विभागाने विद्यार्थ्यांना गावोगाव पाठवून पदकांची, प्रमाणपत्रांची आणि फोटोंची छायाचित्रे गोळा करावीत. महाराष्ट्रात अनेक गावांत पहिल्या महायुद्धानंतर बसवलेल्या संगमरवरी पाट्या आहेत, ज्यांवर गावातून किती जण युद्धावर गेले आणि किती मेले एवढेच आकडे आहेत, नावे नाहीत. आपल्याकडे जिथे अशी पाटी असेल तिथल्या ग्रामपंचायतीने वृद्धांना विचारून ती नावे आताच लिहून काढावीत. सैनिकांची मुले-मुली आज सत्तरी-ऐंशीत आहेत. क्रमांक, पलटण आणि गाव यांची सांगड घालून देऊ शकणारी माणसे तीच, म्हणून विद्यापीठाने या कामाची सुरुवात येत्या उन्हाळी सुटीतच करावी अशी माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथपाल,
मानेवाडा, नागपूर